संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

"आग विझवायचं यंत्र कुठंय?" जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून डोईफोडे साहेबांनी विचारलं.

"आहे की. कपाटात."

"कुठल्या कपाटात?"

"माझ्या खोलीतल्या. लोखंडी आहे साहेब, काळजी नाही. एवढी महागाची वस्तू जिन्यात टांगली आणि कुणी उचलून नेली म्हणजे?"

"आणि आग लागली म्हणजे?"

"कपाट उघडायचं."

"किल्ली?"

मी कमरेचा जुडगा पुढं केला आणि खुळखुळवून दाखवला. त्या काळी मला त्या आवाजाचा फार अभिमान होता. साहेब बारीक अंगाचे, शांत गृहस्थ. महापालिकेत इंजिनिअर होते. आल्यापासून ते वहीत काही ना काही लिहीत होते. आता त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. मला वाटलं, खूश झाले.

मी अयोध्या बिराजदार. तेव्हा सगळ्या गल्लीत मला 'जाळीवाल्या काकू' म्हणायचे. स्टेशनवरून रिक्षा केली आणि एवढंच सांगितलं तरी रिक्षावाला दारात आणून सोडायचा. लातूरला गावोगावच्या पोरी डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला येतात. आमचे हे गेले तेव्हा वरचा मजला रिकामाच होता, तिथं मी चार खोल्या पोरींना भाड्यानं दिल्या. बाकीच्या घरमालकिणी पालकांना नळाला पाणी किती येतं, डबा कसा असतो ते सांगत. मी आधी जाळी दाखवायची. प्रत्येक खिडकीला जाळी. बाल्कनी वरपासून खालपर्यंत जाळीत. गच्चीच्या दाराला कुलूप. आणि खाली जिन्याच्या तोंडाशी, माझ्या खोलीसकट सगळं आत येईल असं, हे एवढं मोठं चॅनल गेट. संध्याकाळी आठला मी ते खर्रकन ओढायची. तो आवाज ऐकवण्यासाठी पालकांना मुद्दाम उभं करायची.

"आत चिमणी येणार नाही," मी म्हणायची.

चिमण्या येतच नव्हत्या. उजेडही बेताचाच यायचा. पण खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत.

मग कुठल्याशा दुसऱ्या शहरात एका वसतिगृहाला आग लागली, पेपरात फोटो आले, आणि आमच्याकडं नोटिसा सुरू झाल्या. माझी नोटीस दोन पानांची. मी सातवी शिकलेली. पुढचं जे काही वाचन, ते पोरींनी टाकून दिलेल्या पुस्तकांवर आणि पुडीच्या कागदांवर. पण ती नोटीस मी तोंडपाठ केली. अग्निशामक यंत्र नाही. बाल्कनी बंदिस्त. सामासिक अंतर सोडलेलं नाही, म्हणजे शेजारच्या भिंतीला भिंत चिकटवून बांधलंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाहेर पडायला एकच मार्ग, तोही कुलूपबंद. मुदतीत दुरुस्ती नाही झाली तर वरचा मजला सील.

मी दुरुस्त्या केल्या. यंत्र आणलं, ते कुठं ठेवलं ते वर आलंच आहे. वाळूच्या लाल बादल्या आणल्या, त्यात पोरींनी कोथिंबीर पेरली. बाण काढलेले हिरवे स्टिकर आणले आणि सगळ्या पॅसेजमधून लावत गेले. बाणांमागं चालत गेलं की माणूस बरोब्बर गच्चीच्या कुलपापाशी पोचायचा. बाल्कनीच्या जाळीत मी लोहाराकडून एक दारही कापून घेतलं, उघडझाप होणारं, अगदी नियमाप्रमाणं. तो गेला आणि मला काही चैन पडेना. उघडं दार बघून रात्रभर कसंतरीच व्हायला लागलं. शेवटी त्यालाही एक कुलूप घातलं, तेव्हा कुठं डोळा लागला.

तर त्या सकाळी साहेब पॅसेजमधून बाणांच्या मागं मागं चालत गेले, गच्चीच्या कुलपापाशी थांबले आणि तसेच परत आले.

"काकू," ते म्हणाले, "खाली तुमच्या स्वयंपाकघरात सिलिंडर पेटलं. धूर जिन्यात भरला. ह्या पोरी कुठून जाणार?"

"पेटणारच नाही. मी रेग्युलेटर बंद करूनच झोपते."

"समजा पेटलं."

"समजायचं कशाला अभद्र?"

त्यांच्या मागं उभ्या असलेल्या पोरींपैकी एक खुदकन हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी बॅगेतून एक छापील कागद, पांढरी पट्टी आणि लाखेची कांडी काढली.

"कुलपं काढली तरी गच्चीवरून नाही तर बाल्कनीतून खाली उतरायला जिना नाही. म्हणजे दुसरा मार्ग नाही. मला सील करावं लागेल. आजच. पोरींना सामान काढायला सांगा."

आता हसणारं कुणी राहिलं नाही. परीक्षा तोंडावर आलेली. शहरात त्या दिवसांत रिकामी खोली म्हणजे देवाचं दर्शन. पोरी आपापल्या दारात पुस्तकं छातीशी धरून उभ्या. मी साहेबांना खुर्ची देऊ केली, चहा देऊ केला, माझी बीपीची गोळी दाखवली. ते प्रत्येक गोष्टीला "नको काकू" म्हणत होते आणि लाख वितळवायला मेणबत्ती शोधत होते.

नेमके त्याच वेळी व्यंकटराव केंद्रे डबा घेऊन जिना चढून वर आले.

व्यंकटराव म्हणजे शिवकन्येचे वडील. एसटीत कंडक्टर. गावाकडून लातूरची ड्युटी लागली की लेकीचा डबा स्वतः आणायचे आणि गाडी परत सुटेपर्यंत पॅसेजमध्ये उभे राहून ती जेवते का ते बघायचे. बोलणं कमी. पोरीला ठेवायला आणलं त्या दिवशी त्यांनी चॅनल गेट दोनदा ओढून बघितलं होतं आणि मग म्हणाले होते, "काकू, मुखेडचं एक स्थळ सांगून आलंय. चांगलं हाय. तरीबी म्या हिला शिकाया ठिवायलोय. पर सांगून ठिवतो, क्लास सोडून हिचा पाय एकदा जरी भाईर पडला आन् माझ्या कानावर आलं, तर त्याच दिशी पेटी उचलीन. मग मुखेड."

"माझ्याकडून पाय बाहेर पडणं शक्य नाही," मी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

आता ते डबा हातात धरून लाखेच्या कांडीकडं बघत होते.

"काय चाललंय हे?"

मी सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं, आणि रडताना मी साहेबांचं नाव डोईफोडेच्या जागी भलतंच काहीतरी घेतलं. साहेबांनी व्यंकटरावांना शांतपणे समजावलं. "मालक, संकटकाळी बाहेर पडायला दुसरा मार्ग पाहिजे. नियम आहे."

"आमच्या गाडीला असतंय की," व्यंकटराव म्हणाले. "माघं मोठ्या अक्षरात लिवलेलंच असतंय. पर म्या इतकी वर्सं बघायलो, तिथून भाईर कुणी पडत न्हाई. लोकं आत शिरत्यात. रुमाल टाकून जागा धरायला."

"तेही चालेल. असलं पाहिजे फक्त."

"मग हिला घिऊन जातो आजच," व्यंकटराव म्हणाले. आवाज वाढवला नाही. "दुसरी खोली कुठं हुडकू आता? शिवकन्या, पेटी भर."

शिवकन्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. उंच, काटकुळी पोर, नेहमी केसात पेन खोचलेलं. वडिलांकडं तिनं बघितलं नाही. साहेबांकडं बघून म्हणाली, "सर, दुसरी वाट आहे."

"कुठं?"

"मोरीपाशी."

पॅसेजच्या टोकाला कपडे धुवायची मोरी आहे, तिच्यावर एक रुंद खिडकी. खिडकीला जाळी, माझी आवडती, डबल गजाची. तिच्या पलीकडं लगेच शेजारच्या हमीदाबीची गच्ची. आमच्या ह्यांनी एक बोटसुद्धा जागा न सोडता बांधल्यामुळं आमची खिडकी तिच्या गच्चीत उघडते. त्यावरून हमीदाबीनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्यालाही जमाना झाला होता.

शिवकन्या मोरीच्या दगडावर चढली. जाळीच्या कोपऱ्याशी तिनं काहीतरी सोडलं. ती सलवारीची नाडी होती. माझी डबल गजाची जाळी अलगद उचलून तिनं बाजूला भिंतीला टेकवली. चारही स्क्रू कधीचे गेलेले. भोकांत कापूस भरून वर रंग दिला होता. रंगसुद्धा माझ्याच डब्यातला.

मी त्या रिकाम्या चौकटीकडं बघत राहिले. रोज आठला खर्रकन गेट ओढून मी नक्की कुणाला कोंडत होते, हा विचार मनात आला आणि उत्तर फार लांब नव्हतं. गेटच्या आत झोपणारी, जिच्याकडं दुसरी वाट नव्हती, अशी त्या घरात एकटी मीच होते.

"हे कुणी केलं?" व्यंकटरावांनी विचारलं.

शिवकन्येनं तोंड उघडलं. ती आता खरं बोलणार हे मला कळलं, कारण पोर तशीच होती. माझ्याकडची साखर सांडली तरी स्वतः येऊन सांगायची.

"मीच," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळले. पोरीही.

"मीच करून घेतलं," मी पुढं रेटलं. "नोटीस आली ना, तेव्हा. दुसरा मार्ग म्हणून. पोरींना वापरायची सक्त मनाई आहे. हिला तेवढं माहीत, आणीबाणीला म्हणून."

"मग मघापासून सांगितलं का नाही?" साहेब म्हणाले. "रडत कशाला होता?"

"विसरले."

"आणि नाडी?"

"कुलूप लावायला नियमात बंदी आहे, तुमच्या नोटिशीतच लिहिलंय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते टेप काढून चौकट मोजायला लागले. "उंची ठीक. रुंदी ठीक. पण मोठ्या माणसाला जाता येतं का? प्रत्यक्ष दाखवावं लागेल."

शिवकन्या पुढं झाली.

"तू थांब," मी म्हणाले. "वाट माझी. मी दाखवते."

"काकू, तुमी?" व्यंकटराव म्हणाले. एका शब्दात किती शंका मावते ते मला त्या दिवशी कळलं.

मी पदर खोचला, मोरीच्या दगडावर चढले. दगड ओला होता. डोकं आणि खांदे बाहेर गेले, तिथवर सगळं झकास. मग मी थांबले. म्हणजे मी थांबले नाही, खिडकीनं थांबवलं. पुढं जाईना, मागं येईना. अर्धी मी लातूर महापालिकेच्या मुदतीत आणि अर्धी हमीदाबीच्या उन्हात. आतून पोरींच्या सूचना सुरू झाल्या.

"काकू, आडव्या व्हा!"

"आधी डावा पाय, काकू, डावा!"

"श्वास सोडा!"

ह्यांना इतकं नेमकं कसं माहीत, असं व्यंकटरावांनी विचारू नये म्हणून मी मोठ्यानं ओरडले, "गप बसा गं! मला माहितीये! मीच केलेली आहे!"

हमीदाबी गच्चीत मिरच्या वाळत घालत होती. पापण्या न लववता तिनं माझ्याकडं बघितलं, हात पदराला पुसले आणि जवळ आली.

"अगे बया," ती म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द. "आज तुमीबी?"

"हळू," मी दात आवळून म्हणाले. "आत पोरीचा बाप आहे."

तिनं आत एक नजर टाकली आणि सगळं समजली. माझ्या दोन्ही काखांत हात घालून तिनं मला खेचलं. ब्लाऊजची शिवण उसवली, एक बांगडी फुटली, आणि मी मिरच्यांवर जाऊन बसले.

"झालं!" आतून साहेबांचा आवाज आला. "काकू गेल्या म्हणजे कुणीही जाईल."

तेवढं एक वाक्य त्यांनी मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

मी उठून मिरच्या झटकल्या आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. कठड्याच्या सावलीत एक जुनी सतरंजी घडी करून विटेखाली ठेवलेली. शेंगांची टरफलं. पाण्याची बाटली. तुटक्या आरशाचा एक तुकडा. बस्स, एवढंच. मी काय काय कल्पना केल्या होत्या त्या इथं सांगत नाही, माझं वय झालं आहे.

"काय करतात इथं येऊन?" मी कुजबुजले.

"काय करनार?" हमीदाबीही कुजबुजली. "बसत्यात. एकजण रडती, बाकीच्या गप राहत्यात. मग हसत्यात. मग जात्यात."

"तुम्ही मला सांगितलं नाही कधी."

"तुमी बोलता कुठं?"

माझ्या आठवणीप्रमाणं बोलणं तिनं टाकलं होतं. पण मिरच्यांवर बसलेल्या माणसानं वाद घालू नये.

साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हमीदाबीला त्यांनी विचारलं, शेजारी म्हणून लेखी संमती द्याल का. मग खिडकीच्या जागी दार करता येईल, आणि सीलची गरज राहणार नाही.

हमीदाबीनं आमच्या भिंतीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. आमच्या ह्यांनी बांधलेली ती भिंत. "ऊन तर ह्यांच्या मालकानं कवाच नेलं माझं," ती म्हणाली. "आता सही तेवढी ऱ्हायली. न्या."

लाखेची कांडी बॅगेत परत गेल्याचा आवाज मी खिडकीबाहेरून ऐकला. मला वाटलं, संपलं. जिंकले. मी हमीदाबीच्या जिन्यानं उतरायला निघाले, तेवढ्यात खिडकीत व्यंकटराव दिसले. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, डबा मोरीवर ठेवला आणि लेकीसारखाच काटकुळा तो माणूस दोन हालचालींत बाहेर आला. हमीदाबीला त्यांनी नमस्कार केला. गच्चीभर एक चक्कर मारली. सतरंजीपाशी थांबले. पायानं एक टरफल हलवून बघितलं.

"हवा बरी हाय की इथं," ते म्हणाले आणि कठड्यावर बसले.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "हे हमीदाबीचं सामान. त्यांना शेंगा फार आवडतात."

हमीदाबीला दात चारच होते. ती मान हलवून हसली, त्यामुळं चारही दिसले.

व्यंकटरावांनी खिडकीकडं बघून हाक मारली, "शिवकन्या! ये बरं हिकडं. बघू दे तुला जमतंय का."

आत पोरी एकमेकींचे हात धरून उभ्या. मी व्यंकटरावांच्या पाठीमागून शिवकन्येला डोळ्यांनी खुणावत होते : अडखळ. घाबर. नाही जमत म्हण. तिला कळलं. मोरीच्या दगडावर चढताना ती मुद्दाम घसरल्यासारखी झाली, "बाबा, उंच आहे हो," म्हणाली. ओढणी सावरली. खिडकीतून खाली बघितलं. उजवा पाय टाकला, परत घेतला. पोर बरी करत होती. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले.

मग व्यंकटराव म्हणाले, "सावकाश. घाई न्हाई."

कदाचित तो आवाज फारच मऊ होता. तिचं लक्षच उडालं. हात आपोआप वरच्या चौकटीला गेला, मान झुकली, अंग आडवं झालं, डावा पाय आधी, आणि ती बाहेर होती. चप्पलसुद्धा वाजली नाही. आणि बाहेर आल्याबरोबर, वडील समोर बसलेले असताना, ती पाठमोरी वळली आणि मागून येणाऱ्या पोरीसाठी तिनं हात पुढं केला.

हात तसाच राहिला. आतली पोर तो धरायला पुढं आली होती, तीही तशीच थांबली.

शिवकन्येला कळलं तेव्हा तिनं हात हळूच खाली घेतला आणि ओढणीत लपवला. चेहरा पांढरा फटक.

व्यंकटराव लेकीकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काकू," ते म्हणाले, "रोजचं पाशिंजर चढतानीच वळखू येतंय आमाला."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगाराचा गाडा ढकलत ओरडत चाललं होतं. व्यंकटरावांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. गाडी सुटायला वेळ होता की नव्हता, कुणास ठाऊक. त्यांनी गळ्यातला रुमाल काढला, शेजारची कठड्याची जागा झटकली आणि सरकून बसले.

"आण तुझा डबा," ते म्हणाले. "हितंच खा."